चारशे खुर्च्यांची ऑलिंपिक तयारी

१ ऑगस्ट १९९९, रविवार
आजपासून मी खेळाडू. काल कंपनीने कनॉट प्लेसच्या एका हॉटेलात सेमिनारला पाठवलं होतं. कोणी एक माजी धावपटू सूट घालून आला होता. म्हणाला, ऑलिंपिकमध्ये पळणारा आणि ऑफिसात बसणारा, यांच्यात फरक फक्त ट्रेनिंगचा. बाकीचे लंचची वाट बघत होते. मी एकटाच पेटलो.
स्पर्धेची तारीख ठरलेली आहे: सोळा. गुडगावात नवं कॉल सेंटर उघडतंय, त्यांना चारशे फिरत्या खुर्च्या हव्यात. सोळाला तिथे आमच्या खुर्चीचा डेमो. ही ऑर्डर जो आणेल तो आमच्या गुडगाव ब्रँचचा मॅनेजर, असं खुराना साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. वर कंपनीची गाडी! वैभवीला वचन दिलंय की यंदा दिवाळीच्या खरेदीला करोल बागेत बसने जायचं नाही. बायकोला अशी वचनं मी पूर्वीही दिली आहेत. पण तेव्हा ट्रेनिंग नव्हतं.
प्रतिस्पर्धी: राजीव. माझा ज्युनिअर. छोले-कुलचे खातो, पोट शर्टाबाहेर. बिचारा.

२ ऑगस्ट
पाचला उठलो. (घड्याळात साडेसहा, पण मनाने पाचलाच.) दिल्लीतल्या आमच्या द्वारकेत पळायला जागा भरपूर, कारण अजून काही बांधलेलंच नाही. येताना वेग दुप्पट झाला, त्याचं थोडं श्रेय कुत्र्यांना. घरी आलो तर पाण्याचा टँकर येऊन गेलेला. बादल्या भरणं हे माझं काम. वैभवी म्हणाली, आता ऑलिंपिकवाल्यांनी बिनआंघोळीचंच ऑफिसात जावं. गेलो.

५ ऑगस्ट
टीमचा वॉर्म-अप सुरू. कस्टमरला फोन करण्याआधी पार्किंगमध्ये दहा उठाबशा. खुराना साहेब गाडीतून उतरले आणि विचारू लागले, किस बात की सज़ा मिली है? सगळी थिअरी समजावली. ते नुसतेच अच्छा म्हणाले. चांगलेच इम्प्रेस झालेले दिसले.
राजीव उठाबशा चुकवून क्लायंटकडे पळाला. शिस्त म्हणून नाही.

९ ऑगस्ट
इंटरव्हल पद्धत लागू. थोडा वेळ जीव तोडून काम, मग पूर्ण रिकव्हरी, म्हणजे डोळे मिटून स्वस्थ बसणं. रिकव्हरीत फोन उचलायचा नाही. आज नेमका तेव्हाच कॉल सेंटरच्या मॅडमचा फोन. खुर्चीला मानेचा आधार कसा आहे विचारत होत्या. राजीवने उचलला आणि अर्धा तास बोलत बसला. स्पर्धेआधीच एवढी शक्ती खर्च करतोय! मला त्याचं खरंच वाईट वाटलं.

१२ ऑगस्ट
टेपरिंग. मोठ्या शर्यतीआधी खेळाडू सराव कमी करत आणतात, म्हणजे अंगात ताकद साठते. मी सराव एकदम बंदच केला. कोटेशन राजीवला दिलं. सॅम्पल खुर्ची पोचवायचं कामही त्यालाच. इतकी ताकद साठली आहे की तिचं काय करावं कळत नाही. वैभवी म्हणाली, टँकर आलाय, बादल्या उचल. टेपरिंगमध्ये चालत नाही म्हटलं. मग तिनेच उचलल्या.

१५ ऑगस्ट
सोसायटीत झेंडावंदन. झेंडा वर जाताना डोळे मिटून विजयाचं चित्र पाहिलं: मी गाडीत, राजीव दार उघडतोय. इतकं स्पष्ट दिसलं की लोक लाडवाच्या रांगेत गेले तरी मी सावधानमध्येच. सेक्रेटरींना ती देशभक्ती वाटली.
खरं म्हणजे धाकधूक आहे. चाळिशी आली. ही ब्रँच गेली तर परत कोण विचारणार?

१६ ऑगस्ट, सकाळ
शेवटचं अस्त्र: कार्बो-लोडिंग. शर्यतीआधी पिष्टमय पदार्थ ठासून खायचे. वैभवीला पोळ्या दुप्पट कर म्हटलं. ती म्हणाली, आज श्रावणी सोमवार, घरात उपास. डोकंच फिरलं. शेजाऱ्यांचा उत्तरेकडचा सावन पंधरा दिवस आधी लागला, त्यांचे दोन सोमवार होऊनही गेले, आणि आपला पहिला नेमका आज!
मग ताट समोर आलं. साबुदाण्याची खिचडी. बटाट्याचा कीस. रताळ्याच्या गोड चकत्या. बघतो तर काय, सगळं कार्बो! ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण नाहीच, हा ट्रेनिंग चार्ट आहे. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं. तीनदा वाढून घेतलं, उरलेलं डब्यात भरलं.

१६ ऑगस्ट, संध्याकाळ
नीट लिहून ठेवतो, कारण लोक भलतंच सांगतील. डबा संपवून दोनला गुडगावला पोचलो. मॅडमना यायला वेळ होता. एसी झकास. मधोमध आमची सॅम्पल खुर्ची. पाठ टेकवली, डोळे मिटले आणि विजयाचं चित्र पाहू लागलो.
डोळे उघडले तेव्हा साडेचार. मॅडम, त्यांची माणसं आणि खुराना साहेब भोवती उभे. राजीव हळू आवाजात सांगत होता, देखिए मॅडम, सर दो घंटे से हिले तक नहीं, गर्दन देखिए, कमर देखिए, आपके लोगों की तो रात भर की शिफ्ट है. मॅडम वाकून माझी मान बघत होत्या.
ऑर्डर मिळाली! चारशेची नाही, साडेचारशेची! गाडी कुठल्या रंगाची घ्यावी? वैभवीला विचारायला हवं. ती एक केळं खाऊन आडवी झाली आहे. सकाळच्या डब्यात तिचाही वाटा होता म्हणे.

२० ऑगस्ट
राजीव ब्रँच मॅनेजर. गाडी पांढरी.
खुराना साहेब म्हणाले, तुमच्यासाठी वेगळा विचार केलाय. यापुढे प्रत्येक डेमोला मी राजीवबरोबर जायचं. काम: खुर्चीत बसणं. वैभवीला नवी जबाबदारी मिळाली म्हणून सांगितलं. तिने नेमकं काय करायचं असतं ते विचारलं. म्हटलं, टेक्निकल आहे.

२६ ऑगस्ट, गुरुवार
नोएडात डेमो. खुर्ची तीच, एसी तसाच. सगळे भोवती उभे राहिले. डोळे मिटून पडलो, पण झोप येईना. मनात रामरक्षा म्हटली. शेवटी घोरून पाहिलं, तर एकजण फिसकन हसला. ऑर्डर गेली.
परतताना राजीवने त्याच्या गाडीत मला पुढे बसवलं. फार प्रेमाने बोलला. सर, टेन्शन मत लो, ऑफ-डे सबका होता है, म्हणाला. सोमवारी फरीदाबादला डेमो आहे. बस उस दिन वो सफ़ेद वाली चीज़ खाकर आना, जो गुडगाव में खाई थी.
घरी वैभवी बादल्या भरत होती. दोन मी उचलल्या. मग म्हटलं, रविवारी रात्री साबुदाणा भिजत घाल, जरा जास्तच घाल. ती म्हणाली घालते, पण या वेळी माझा वाटा आधी काढून ठेवीन.