माझा भाव मीच पाडला

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? बाबा जेवतात ना नीट? आम्ही इकडे ठीक आहोत. तुझी भावजय माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

नवी नोकरी मिळाली. एवढं वाचून बाबांना हाक मारू नकोस, आधी पुढचं वाच.

माझं आयुष्य कारखान्याच्या खरेदी खात्यात गेलं हे तुला ठाऊकच आहे. खिळे, पत्रे, पुठ्ठ्याची खोकी, काहीही घ्यायचं असो, समोरच्याने भाव सांगितला की चेहरा पाडायचा, हीच माझी भाकरी. आता तर भाव कानावर पडला की मान आपोआप नाही म्हणते. (भाजीवाली मला लांबून बघितलं तरी पाटी झाकते.) हा गुण मुलाखतीला जाताना घरी ठेवून जावा, असं मला कोणी सांगितलं नाही. तुझी भावजय म्हणते तिने सांगितलं होतं, पण मी तेव्हा बुटांना पॉलिश करत होतो.

नव्या कंपनीत माणसं नेमणाऱ्या बाई फार सज्जन. बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि पगाराचा आकडा सांगितला. ताई, तो आकडा ऐकून तू मला चिमटा काढायला सांगितलं असतंस. मी चेहरा पाडला आणि म्हणालो, "जरा जास्तच होतंय हो." बाई गोंधळल्या. तिथेच सावरून घ्यायचं, तर मी म्हणालो की बाजारात याहून कमीत मिळतो. (कोण मिळतो? मीच की.) त्यांनी चाचरत आकडा खाली आणला आणि मला चेव चढला. मग त्या म्हणाल्या, शिवाय राहायला दोन खोल्यांची जागा आहे, घरच्या वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याचा खर्चही आहे. आमच्या धंद्यात विकणारा अशी वरची लटांबरं जोडायला लागला की ती आधी काढायला लावतात. मी तेच केलं. म्हटलं, हे सगळं काढा, नुसत्या मालाचं बोला. शेवटी उठून दारापर्यंतही गेलो. त्यांनी परत बोलावून आणखी कमी केलं आणि मी विजयी वीरासारखी सही ठोकली.

जिना उतरताना लक्षात आलं की आज माल मी होतो. तसाच वर पळालो, तर साहेब स्वतः दारात उभे. रुजू होण्याआधीच कंपनीचा पैसा वाचवणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. पाठ थोपटली. आता सवयीने तोंडातून गेलं असं सांगावं, तर खरेदीच्या त्याच सवयीसाठी मला घेतलेलं. जुन्या जागी राजीनामा देऊन बसलोय, तिथे माझ्या खुर्चीवर दुसरा आलासुद्धा.

पगाराचं दुःख नाही गं. ती दुसरी खोली बाबांची होती. या वेळी बाबांना नेतोच, असं तुला छातीठोकपणे सांगून गेलो होतो. तू एवढी वर्षं त्यांचं सगळं करतेस आणि मी येतो, चहा पितो, निघतो. फार वाईट वाटतं. तुझ्यासमोर उभं राहून हे बोलवलं नसतं, म्हणून लिहिलं.

भावोजींना नमस्कार. माझ्यावर रागाव, पण फार दिवस नको.

तुझा,
धाकटा

ता. क. बाबांना आणखी वर्षभर तुझ्याकडेच ठेवशील का? पत्र खरं तर एवढ्यासाठीच. त्यांना सांग, नव्या जागेला रंग चाललाय.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवण्याआधी तुझ्या भावजयीने पत्र वाचलं. 'आणखी वर्षभर' असं लिहिताना हात कसा धजला, असं म्हणाली (म्हणजे बोलायला लागली). आमच्या आहे त्याच एका खोलीत कपाट सरकवून तिने बाबांच्या खाटेपुरती जागा केली आहे. मी स्वयंपाकघरात झोपायचं. मग तिने विचारलं, बाबांना यायचंय का, हे तुम्हा दोघांपैकी कोणी त्यांना विचारलंय? मी तर कधीच विचारलं नाही. ताई, तू विचारलं होतंस का?