एवेलियोच्या नावावर

३ फेब्रुवारी
आज रुजू झाले. अख्ख्या शिक्षक महाविद्यालयात एसी फक्त सर्व्हरच्या खोलीत, म्हणजे माझ्या! प्राचार्य रिगोबेर्तो म्हणाले, पगाराचं बोलू नकोस, गारव्याचं बोल. इंटरनेटची बाहेर जाणारी लाइन एकच आणि तीही करंगळीएवढी, म्हणून मध्ये प्रॉक्सी बसवलाय. एकदा आलेल्या पानाची प्रत तो जवळ ठेवतो, पुढच्या मागणाऱ्याला तीच देतो. फक्त मेमरी फार खातो. ते बघायलाच मला घेतलंय.

ग्रंथालयातल्या नेरेइदा रेशनवरची चणे मिसळलेली कॉफी घेऊन आल्या आणि कॉफीबरोबर एवेलियोचा पासवर्डही दिला. एवेलियो माझ्या आधीचा, गेल्या पावसाळ्यात वारला. त्याच्या अकाउंटला वापराची मर्यादा नाही, म्हणून ते कुणी बंदच केलं नाही. सगळे त्याच्याच नावावर बाहेर जातात. मीही लगेच ओस्निएलला लिहिलं. नवरा मेक्सिकोत आहे, उत्तरेकडच्या सीमेच्या वाटेवर. खरं तर ही नोकरी त्याच्याशी रोज बोलता यावं म्हणूनच घेतली. त्याचं उत्तर आलं. फार बरं वाटलं.

६ फेब्रुवारी
मेमरीची मर्यादा निम्मी केली. प्रॉक्सी जुमानत नाही. वीज जाऊन आली, मशीन नव्यानं सुरू झालं, दुपारपर्यंत पुन्हा तुडुंब. जुन्या प्रती टाकून द्यायच्या हा नियम त्याला ठाऊकच नसावा. जे सोडत नाही ते सगळं एवेलियोच्या नावावर. अकाउंट बंद करू का विचारलं, तर रिगोबेर्तो म्हणाले, लोक आधी मला सोलतील, मग तुला. डोकं दुखतंय.

९ फेब्रुवारी
सगळ्यात फुगलेली प्रत नेरेइदांच्या मुलाची, मायकेलची. गेल्या वर्षी तो समुद्रातून होडीनं देश सोडून गेला. रोज विचारतो, आई, जेवलीस का. त्या मला वाचून दाखवतात.

त्याचं पान बाहेरून एकदाच आलंय, तो निघाला त्या आठवड्यात. त्यानंतर काहीच नाही. पण आज सकाळी तो त्यांच्या नव्या चष्म्याबद्दल बोलला. माझीच काही चूक असेल. झोप नाही धड.

११ फेब्रुवारी
टेलिफोनवाल्याला फोन केला. वादळात केबल तुटली, म्हणाला, कालपासून ना आत काही येतंय ना बाहेर काही जातंय.

आणि हॉलमध्ये सगळे स्क्रीनवर आपापल्या माणसांशी बोलताहेत. हसताहेत. मी मागची वायरही उपसली, तरी —

ओस्निएलनं लिहिलंय, सीमेवरची नदी ओलांडली. थंडी आहे. जेवलीस का.

१२ फेब्रुवारी
मशीन गुदमरतंय, सोमवारी परीक्षा. रिगोबेर्तोंचा हुकूम, एवेलियोचं सगळं पुसून टाक. नेरेइदांना सांगावंच लागलं. मायकेल तिकडून बोलत नाही, हेही सांगितलं. वाटलं, कोसळतील. त्यांनी माझा हात धरला.

"मला माहीत आहे, पोरी. पहिल्या महिन्यातच कळलं होतं. आईला कळत नाही का? तू पुसू नकोस."

एवेलियोलाही माहीत होतं का, विचारलं. त्या कप उचलून गेल्या.

१३ फेब्रुवारी
ओस्निएलची प्रत बघायचं टाळत होते. बघितली. बाहेरून ती एकदाच आलीय, पहिल्या दिवशी, आणि तिच्यातलं त्याचं शेवटचं लिखाण मी रुजू होण्याच्या आधीचं. म्हणजे इथं आल्यापासून मी कुणाशी —

केबल जोडली म्हणतात. वायर परत लावली. आता माझ्या नावानं जाते, प्रॉक्सीला वळसा घालून. खरं काय ते कळेल. त्यानं फोन विकला असेल. आजारी असेल. काहीही असू दे, पण असू दे.

ओस्निएलचं पान येतंय. सावकाश. त्याच वेळी एवेलियोच्या नावावरच्या खिडकीत ओस्निएलचं आलं: "ते उघडू नकोस. आपण इथं बरे आहोत."

हे पान बंद केलं तर तो रोज विचारेल, जेवलीस का — रोज — मी म्हातारी होईपर्यंत —

कुणा अनोळखी माणसानं फोटो टाकलाय. वरून खाली उघडतोय. आभाळ. नदीचा काठ. चादर. चादरीखालून बूट, लाल नाडीचे, ती नाडी मीच —

खाली लिहिलंय, याच्या घरचं कुणी असेल तर