मृणालच्या पोकळ भिंती

११ डिसेंबर, गुरु.
सकाळी मृणालचा कॅनडाहून फोन. घरात कानटोपी घालून बसलेली. का म्हणून विचारलं तर, "फॅशन आहे." बापाचीच लेक. मग कॅमेरा फिरवून दाखवलं. बेडरूमच्या कोपऱ्यात भिंतीला आतून बर्फ धरलंय. बाहेर उणे तीस. जुनं घर, भिंती पोकळ, थंडी अडवायला आत काही भरलेलंच नाही. घटस्फोटानंतर एकटीच्या नावावर घेतलेलं घर, त्यामुळे नावं ठेवायची सोय नाही.

१३ डिसें.
भिंती आणि माळा भरून देणारा माणूस तिच्याकडे येऊन गेला. खर्चाचा आकडा ह्यांनी रुपयांत करून पाहिला. चष्मा काढून ठेवला. "लोणीचा प्लॉट जाईल."
प्लॉट माझ्या नावावर. शाळेतल्या नोकरीच्या पी.एफ.मधून घेतलेला. माझ्या नावावर तेवढंच.

१६, मंगळ.
ह्यांनीच तिला सांगितलं, प्लॉट विकून पैसे पाठवतो. चिडली.
"बाबा, मी मागितले का?"
"नाही."
"मग?"
"तुला थंडी वाजतेय."
फोन ठेवला तिनं. हे बराच वेळ गॅलरीत उभे. वारज्यातही गारठा आहे म्हणे. स्वेटर नेऊन दिला, घातला नाही.

१९
आज मीच लावला फोन. स्वयंपाकघरात गादी टाकून झोपते म्हणाली, तेवढीच खोली तापवते. म्हटलं, परत ये. इथली तुझी खोली रिकामीच आहे.
"आई, तिकडे मी पाहुणी होईन. इथे थंडी आहे, पण कुलूप माझं आहे."
बरोबर बोलली. राग आला तरी बरोबर.

२२, सोम.
गिऱ्हाईक येऊन गेलं. गोड बोलतो. "काकू, सही कधी?" मी चहा टाकायला उठले. तो गेल्यावर हे म्हणाले, "तुझा प्लॉट, तू ठरव." हे आधी सुचलं असतं तर बरं झालं असतं. प्लॉटवर छोटं घर बांधायचं मनात होतं, हे ह्यांनाही कधी बोलले नाही. आता बोलून काय.
दमले आहे.

२४ डिसें.
मृणालला फोन. म्हटलं, विकते, घे.
म्हणाली, "निम्मेच घेईन. यंदा एकच बाजू भरते. उत्तरेकडची."
निम्मा प्लॉट कसा विकतात, ह्यांना विचारायचंय. भाजी आणायला गेलेत.