बावन्नावा दिवस

दि. १४, गुरुवार

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आई बरी आहे, मी ठीक. फोनवर तू मधेमधे बोलतेस आणि माझं राहूनच जातं, म्हणून हॉस्टेलच्या पत्त्यावर लिहितोय. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. बटणवाला परवा तीन डझन बटणं कमी देऊन गेला. वर म्हणतो, "मास्तर, मोजूनच दिली होती." मी काय काल शिवायला बसलोय?

तुझा तो परदेशी शिक्षणाचा सल्लागारही मला पसंत नाही. पहिल्या भेटीत चहा, दुसऱ्या भेटीत बिस्किटं. एवढं गोड बोलतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणे, फी आणि राहण्याच्या खर्चाचे पैसे आपल्या दोघांच्या खात्यात साठ दिवस ठेवायचे, हलवायचे नाहीत, मगच बँक तसं पत्र देणार. आणि ते पत्र तीस तारखेच्या आत गेलं नाही तर तुझी जागा गेली. माझेच पैसे आणि मलाच हात लावायची बंदी! "बाबा, नियम त्याचा नाही, तिथल्या सरकारचा आहे," असं तू तीनदा सांगितलंस. सरकारवर तरी माझा कुठे विश्वास आहे म्हणा.

असो. किती वेळ इकडचं तिकडचं लिहिणार?

सुट्टीत तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी तुझ्या बॅगेत हात घातला. कात्री शोधत होतो असं लिहिणार होतो, पण ते खोटं आहे. तू आईशी कुजबुजायचीस आणि मी आलो की विषय बदलायचीस, त्यामुळे माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. बॅगेत दुसऱ्याच बँकेचा फॉर्म निघाला, तुझ्या अक्षरात अर्धा भरलेला. चष्मा दुकानात राहिला होता. बँकेचं नाव मोठं होतं तेवढं दिसलं, बाकीचं वाचता आलं नाही.

खातं दोघांचं. मला वाटलं, पोरगी पैसे तिकडे वळवणार, आणि एकदा गेली की आमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही.

तू हॉस्टेलवर परतलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळे पैसे काढले. तो बावन्नावा दिवस होता. काउंटरवरच्या बाईंनी दोनदा विचारलं, "मास्तर, नक्की ना?" मी त्यांनाच चार शब्द सुनावले. पैसे अस्तराच्या गठ्ठ्यात ठेवले आणि चार दिवस त्या गठ्ठ्यावर बसून गणवेश शिवले.

काल आईला अस्तर हवं होतं. नोटा बघून तिने जाब विचारला, मी बॅगेतल्या फॉर्मचं सांगितलं तशी ती ओरडली, "अहो, कर्जाचा फॉर्म होता तो! मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणून आधी तुमचे पैसे नुसते दाखवायचे. मग तिचा खर्च कर्जातून, आणि या पैशांत तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन. तुम्ही ऐकणार नाही म्हणून पोर बोलली नाही."

धावत जाऊन पैसे परत भरले. बाई म्हणाल्या, "मास्तर, आता दिवस पुन्हा एकपासून." पाया पडायचंच काय ते बाकी होतं. ज्याला पहिल्या दिवसापासून नावं ठेवली तो सल्लागार माझ्यासमोर तासभर फोन फिरवत बसला. काही उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल म्हणाला, पण जागा मिळेलच असं नाही.

ठकू, साऱ्या जगावर संशय घेतला मी, आणि तुझं वर्ष मात्र मीच बुडवलं. तेही अशा पोरीवर संशय घेऊन, जी माझ्या डोळ्यांचा विचार करत होती. कालपासून सुईत दोरा ओवलेला नाही. गणवेश तसेच पडून आहेत.

सोमवारी तू पत्र न्यायला इथल्या बँकेत येणार होतीस. त्या बाईंकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. आई माझ्याशी बोलत नाही. तू भांड, ओरड, काय वाटेल ते बोल, मी मान वर करणार नाही. पण घरी येऊन भांड. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

तुझा अपराधी,
बाबा