फुफाट्यात भाजलेली करवंदं

वैनीस,

नामदेवाचा पाया पडून नमस्कार. हाताच्या सवयीनं ‘तू बरी असशील’ असं लिहिलं, मग खोडलं. कागद फाडला नाही. खोडलेलं तुला दिसू दे.

पौषात तू गेलीस, आता वैशाख लागला. इतक्या दिवसांत तुला लिहायचं सुचलं नाही, आणि आज बसलोय त्याला कारण मंदाचं पोस्टकार्ड. तुझी लेक आता पाचवीत आहे, माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढं गेली. अक्षर तिरकं आहे, पण स्वच्छ. बापाला अजून अण्णाच म्हणते. लिहिते, “काका, तुम्ही लिहिलं तशी करवंदाची आमटी केली. आईसारखी झाली नाही. अण्णा एक घास खाऊन उठले. माझं काय चुकलं ते लिहा.”

अकरा वर्षांची पोर विचारते, माझं काय चुकलं! वैनी, तिचं काहीच चुकलं नाही. चूक माझी आहे, आणि ती एका आमटीची नाही.

तू घरात आलीस तेव्हा मी सहा वर्षांचा. आई नव्हतीच. तू दादाची बायको, वयानं पंधरा-सोळाची, आणि मला ‘अहो भावजी’ म्हणायचीस. मी उघडा, नाक गळतंय, आणि तू म्हणायचीस, “भावजी, शेंबूड पुसा आन् मग ताटावर बसा.” आळीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. दीर लहान असला म्हणून मान सोडायचा नाही, असं तुझ्या माहेरचं वळण. मी मात्र तुला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं केलं. तू मला ‘तुमी’ आणि मी तुला ‘तू’. हे उलटंच होतं ना गं? कुणी तुला विचारलं तर म्हणायचीस, दोघांपैकी एकानं तरी नीट बोलावं.

शाळेत मन लागलं नाही. चौथीनंतर पाटी उतरंडीमागं टाकली ती टाकलीच. शेतातही टिकलो नाही. दादा रागावला की तू मला चुलीपाशी बसवायचीस. तिथंच मी शिकलो जे काय शिकलो ते. आज बडोद्याच्या या खानावळीत त्यावरच पोट भरतंय, पण हे तुला कधी कळवलं नाही.

दुष्काळाचा उन्हाळा आठवतो? विसरायला जागाच नाही. तू आणि दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचात. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा, ती अमेरिकेची ज्वारी. त्याची भाकरी थापताना कडेनं चिरायची, आणि घशाखाली उतरायची नाही. कालवण करायला वांगं नाही, चिंच संपलेली, डाळ बघून महिने झालेले. डोंगरावर पानाला पाणी नव्हतं, पण करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या होत्या. कामाला जायच्या आधी तू डोंगर चढायचीस आणि ओटीभर करवंदं आणायचीस. हातावर काट्यांचे ओरखडे, बोटांना चीक. तो चीक निघावा म्हणून कोरडी राख चोळायचीस, गोडेतेल होतं कुठं?

आणि मग तुझी डोकॅलिटी! हिरवी करवंदं चिरून बिया काढायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायची म्हणजे चीक सुटतो. मग लसूण, मिरची आणि खडाभर गूळ घालून पाट्यावर वाटायची. ती चटणी असली की मिलोची भाकरी आम्ही मुकाट गिळायचो. हिरवी-लाल झालेली सुकटीत जायची, चिंचेच्या जागी. हुलग्याच्या पिठाच्या आमटीत जायची. पिकून काळी झालेली फडक्यात बांधून पिळायचीस आणि त्या रसात गूळ विरघळवून त्यातच मिलोचं पीठ मळायचीस. दुधात मळतात ती दशमी, ही तुझी करवंदाची दशमी, जांभळी. पहिल्यांदा केलीस तेव्हा मंदा म्हणाली, आई, भाकरीला मार लागलाय. केवढी हसलीस तू! तुझं ते हसणं मला अजून ऐकू येतं, पण तोंड आठवायला गेलं की पदरच आठवतो.

आता ती गोष्ट. ती मी कुणाला सांगितलेली नाही.

त्याच वैशाखात माझ्यासाठी पाहुणे आले. मुलीचा बाप, तिचा चुलता आणि गावातले दोघं. दादा घाबराघुबरा झाला, पाहुण्यांपुढं वाढायचं काय? तू म्हणालीस, बसवा त्यांना, मी बघते. आणि वाढलंस ते सगळं करवंदाचं. डाव्या बाजूला चटणी, वाटीत आमटी, वर दोन-दोन जांभळ्या दशम्या. भात तेवढा उसना तांदूळ आणून केला होतास.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवी टोपी घालून बसलेलो. राजूरच्या बाजारात गरीबगुरीब करवंदं पळसाच्या द्रोणात घालून विकतात, तीच आमच्या ताटात आणि तीही सोयरीक जुळवताना! दादा तेवढा पाणी आणायला बाहेर गेला होता, तेव्हा मी बाकी सगळ्यांदेखत बोललो, “वैनी, पाहुन्यांना शेळ्यांचा चारा वाढलास काय?”

तुझ्या हातात आमटीचा डाव होता, तो तसाच धरून उभी राहिलीस. मुलीचा बापच बोलला, “शेळ्यांचा आसंल तर आमाला आनखी वाढा, बाई. आमी काय मागं सरनारे न्हाई.” सगळे हसले. ते तुझी बाजू सावरून घेत होते, आणि मला वाटलं मलाच हसतायत. त्यानं तुला विचारलंही, आमटीला ही असली चव कशानं आली? तू मान खाली घालून म्हणालीस, घरचं हाय, त्यात काय सांगायचं. त्याला मी आवडलो, तुझा स्वयंपाक त्याहून आवडला. सोयरीक जमत होती. आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळीच पिशवी उचलून निघालो.

दादा कामावर गेलेला. तू एकटी ओढ्यापर्यंत मागं आलीस. मला वाटलं बोलशील, रडशील, मला थांबवशील. मी मनात उत्तरंही जुळवून ठेवली होती. तू फडक्याची गाठ पुढं केलीस आणि म्हणालीस, “भावजी, राग आसू द्या. पोट मारू नका.”

गाठ घेतली मी. घेतली आणि मागं न बघता चालू लागलो. नाशिकच्या स्टँडवर सोडली, आत दशम्याच होत्या. सहा. वैनी, मी सगळ्या खाल्ल्या. उभ्यानं, भिंतीकडं तोंड करून, फडक्याला लागलेलं सुद्धा चाटून. आणि एवढं खाऊनही राग सोडला नाही! हे तुला कळायला हवं होतं. कळलं असतं तर निदान हसली असतीस.

नंतर ट्रकवर क्लीनर झालो, ते सोडलं. सुरतेला रंगाच्या कारखान्यात, तेही सोडलं. मग ही खानावळ. पत्ता फक्त एकदा कळवला, दोन ओळींत, दादाच्या नावानं. तुझं नाव त्यात घातलं नाही. उत्तरात दादानं लिहिलं होतं, ‘तुझी वैनी म्हणते, भावजींना कामाचं बोलावणं आलं म्हणून घाईनं जावं लागलं. नीट राहा.’ तेव्हा कळलं, तू झाकून घेतलंस. पाहुण्यांनाही हेच सांगितलंस. कशाला झाकलंस गं? दादानं दोन शिव्या घातल्या असत्या, चार दिवसांत विसरला असता. मीही परत आलो असतो. तुझ्या त्या झाकण्यामुळं मला परत यायला तोंडच उरलं नाही. का मीच हे नवं कारण शोधून काढतोय? तूच सांग.

पाऊस झाला, पीक आलं. दुष्काळात तगलीस आणि कणग्या भरल्यावर गेलीस, ही कुठली रीत? चार दिवसांच्या तापात! तुला झोळी करून राजूरला नेलं, आणि वाटेत तू म्हणालीस म्हणे, भावजींना कळवू नका, नव्या कामावर हायेत. दादाचं पत्र मला तेराव्यानंतर मिळालं. मी तेव्हाही गेलो नाही. आता जाऊन काय, असं म्हणालो. खरं म्हणजे भ्यालो.

त्या दिवशी मी करवंद सोडलं. आपल्याकडं माणूस गेलं की त्याच्या आवडीचं काहीतरी सोडतात ना, तसं. या जन्मात करवंद तोंडात घालणार नाही. मला वाटलं, झालं, फेडलं. तिथं पौषात करवंद असतंय कुठं सोडायला!

चैत्रात मंदाचं पहिलं कार्ड आलं. ‘काका, आईची करवंदाची आमटी कशी करायची? अण्णा काही नीट जेवत नाहीत. तुम्हाला येते असं आई म्हणायची.’ हे तू कधी म्हणालीस? मला तर तोंडावर म्हणायचीस, भावजींना नुसतं चाटायला येतं.

इथल्या बाजारात करवंदं येतात, करमदां म्हणतात त्यांना. आणली मी. केली आमटी, पण न चाखता. सोडलेलं ना! नुसत्या वासावर आणि रंगावर अदमास घेतला. इथला रमण भट्टीवर असतो. तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, “जिभेला कुलूप लावून रांधणारा आचारी मी जन्मात पाहिला नाही. लग्न तरी असंच न बघता करणार का?” मी त्याला उडवून लावलं. ताटात वाढली, लोकांनी खाल्ली, कुणी नाव ठेवलं नाही. तसंच मंदाला लिहून पाठवलं, हुलग्याचं पीठ इतकं, गूळ इतका, लसणाची फोडणी. मोठा ज्ञानी असल्यासारखं.

आणि तिकडं पोरीनं जीव लावून केली, आणि दादा एका घासावर उठला. का उठला असेल? वाईट झाली म्हणून नाही. दुसऱ्या कुणाची तरी झाली म्हणून.

कार्ड खिशात घेऊन काल दिवसभर फिरलो. आज दुपारची पंगत उठल्यावर पुन्हा करवंदं आणली, पुन्हा केली, आणि या वेळी डावातली आमटी तळहातावर घेतली. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. मग चाखली.

आंबट होती, वैनी. नुसती आंबट, दातांना झोंबणारी. तुझी अशी नव्हती. तुझी पहिली घशात उतरायची आणि आंबटपणा मागाहून यायचा, धुरकट असा. मी डोळे मिटले. तुला चुलीपाशी बसवलं आणि हात बघत राहिलो. चिरताना, धुताना, वाटताना. आणि एकदम तुझी बोटं दिसली, टोकाला करडी. मला वाटायचं ती चिकासाठी चोळलेली राख. पण आमटीच्या दिवशी तू करवंदं आधी चुलीच्या कडेच्या फुफाट्यात पुरायचीस! कातडी सुरकुतली की काढून फुंकायचीस आणि मग ठेचायचीस. तेच त्या पाहुण्यानं विचारलेलं, आणि तू न सांगितलेलं.

भट्टीतली राख ओढून तशी केली. चाखली. तीच!

रडायला आलं तिथंच, पिठाच्या हातानं. सोडून मी काय केलं होतं? जिभेवर तू होतीस तेवढी सुद्धा बंद करून ठेवली होती, आणि पोरीला अर्धवट शिकवून तिच्या बापाचं ताट उठवलं होतं. सोडायचा होता तो राग. आणि मी सोडलं काय, तर करवंद!

आता मंदाला उत्तर लिहायला हवं. लिहायला बसलो आणि कळलं, हे कार्डावर मावणार नाही. फुफाटा किती तापलेला, करवंद किती सुरकुतलं की काढायचं, हे तिच्या शेजारी बसूनच दाखवावं लागेल. आणि दादा जेवायला बसेल तेव्हा मी चुलीआड लपून चालणार नाही.

म्हणून वचन देतो, तू मागितलं नसलंस तरी. रविवारी इथून निघतो. मालकाला सांगून झालंय. जाळ्यांवर करवंदं आहेत तोवर पोचतो. मंदाला आमटी शिकवीन, दशमीही शिकवीन. पण त्याच्या आधी, घरात शिरताच, हातपाय धुवायच्याही आधी दादाला सांगीन की मला कुठून कामाचं बोलावणं आलेलं नव्हतं. मी तुला काय बोललो ते शब्दच्या शब्द सांगीन, आणि मंदालाही तिथंच बसवीन, ऐकायला. चारचौघांत बोललो होतो, एकट्यात कबूल करून भागणार नाही. मग दादा मारील, हाकलील, नाहीतर नुसता बघत राहील. काहीही करू दे. या खेपेला मी जागचा हलणार नाही.

तुझा धाकटा दीर,
नामदेव