रघुपतीरावांची स्कूटर

शिवाजीनगर, बेंगळूर
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप अनुसूयाक्का,

बिंदुमाधवाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात साष्टांग आता जमत नाही, कागदावरचा गोड मानून घे.) आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भावजयीची, स्मिताची, कंबर धरली होती ती सुटली, आता माझी धरली आहे. धारवाडला थंडी पडली असेल, तू पहाटे गच्चीवर फेऱ्या मारायचं स्वल्प बंद ठेव. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर परक्यांची बोलणी जोडून देऊन तुला फोनचा वीट आला आहे हे माहीत असल्यामुळे पत्र लिहितो आहे. शिवाय जे सांगायचं आहे ते फोनवर सांगितलं तर तू मध्येच ठेवून देशील. पत्र ठेवलं तरी पुन्हा उचलता येतं.

तर काल मारतहळ्ळीला एक कार्यक्रम होता. तिकडे पुण्यामुंबईहून आयटीत आलेल्या मुलांनी एक मराठी वाचन मंडळ काढलं आहे आणि स्वानंदी नावाची पुण्याची मुलगी ते चालवते. (चालवते म्हणजे पळवते.) तिची कल्पना अशी की लेखकांनी आपल्या येणाऱ्या पुस्तकांतल्या कल्पना लोकांना सांगायच्या. पुस्तक आलेलं नसल्यामुळे ते कोणी वाचलेलं नसतं, त्यामुळे सगळे एका पातळीवर असतात, असं तिचं म्हणणं. मला बोलावलं, कारण बेंगळुरात जुन्या मराठी घराण्यांतला लिहिणारा माणूस शोधायला गेलं की पहिला मीच हाताला लागतो. दुसरा लागत नाही.

माझं येणारं पुस्तक तुला ठाऊक आहेच. ‘बेंगळुरातील मराठी आडनावे: उगम आणि अपभ्रंश’. ते गेली बरीच वर्षं येतं आहे.

माझ्या आधी पुरुषोत्तम म्हणून एक नागपूरकर बोलले. ते बेळ्ळंदूरला कसल्याशा कंपनीत आहेत. त्यांच्या कादंबरीत रिंग रोडवरचं ट्रॅफिक एके दिवशी अडकतं ते कायमचंच. लोक गाड्यांतच संसार थाटतात, दोन बसमधल्या मुलामुलीचं लग्न ठरतं, वऱ्हाड चालत जातं. मला हे अद्भुत वाटलं, पण श्रोते गंभीरपणे माना डोलवत होते. एका बाईंनी तर विचारलं की ही सत्यकथा आहे का. शेवटी ट्रॅफिक सुटतं का असं दुसऱ्यानं विचारलं, तेव्हा लेखक म्हणाले की तेवढं सोडून सगळं लिहून झालं आहे.

मग मी उभा राहिलो. आडनावांच्या उगमापासून सुरुवात केली. अपभ्रंशापर्यंत पोचायच्या आत पुढच्या रांगेतले सगळे मोबाइल उघडले गेले, मागच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं आणि त्याला बाहेर न्यायला आई, बाप आणि मामा असे तिघेही उठले. अक्का, माणसाला अशा वेळी काहीतरी सुचतं. मला तू सुचलीस.

म्हटलं, आडनाव बदलायला निघालेली आणि न बदलता परत आलेली आमची एक चुलत अक्का आहे. एवढं म्हणताच पुढचे दोन मोबाइल मिटले. मग मी थांबलोच नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी मुलाच्या वडिलांनी नोकरी सोडायची अट कशी घातली, काकांनी ती तुला न विचारता कशी मान्य केली, गौरीहर पुजायला तुला एकटीला बसवलं असताना तू उठून छत्राच्या (त्या मुलांच्या भाषेत मंगल कार्यालयाच्या) मागच्या फाटकातून कशी निघालीस, रिक्षा केलीस आणि पिवळ्या साडीत, मुंडावळ्यांसकट एक्स्चेंजमध्ये ड्यूटीवर कशी हजर झालीस, सगळं सांगितलं. मुंडावळ्यांवरून हेडफोन लावून तू ट्रंक कॉल जोडत बसलीस, इथं तर टाळ्या पडल्या. स्वानंदी उठून म्हणाली, “काका, लिटरली काटा आला! सो ही तुमची पुढची नॉव्हेल आहे ना?” समोर शंभरेक माणसं टाळ्या वाजवत असताना नाही म्हणायला फार मोठं मन लागतं. मी हो म्हटलं.

इतक्यात तिसऱ्या रांगेतून एक उंच, किडकिडीत म्हातारे गृहस्थ उठले. शेजारी बसलेली लेक त्यांना, “अप्पा, बसा,” म्हणून खाली ओढत होती. ते बसेनात. म्हणाले, “गोष्ट सरी आहे, बरोबर आहे. रिक्षा तेवढी चूक. ती स्कूटर होती.”

मी म्हटलं, आमच्या घरची गोष्ट आहे, आम्हाला माहीत आहे, रिक्षाच होती.

ते म्हणाले, “मी चालवत होतो.”

अक्का, मी तोपर्यंत त्यांना ओळखलं नव्हतं. तुझ्या लग्नात मी मठ्ठा वाढत होतो, नवऱ्या मुलाकडे कोण बघतं? पण हे ते नवरदेव, रघुपतीरावच. लेकीकडे, स्मृतीकडे, मारतहळ्ळीला राहतात. वेळ जात नाही म्हणून तिनं कार्यक्रमाला आणलं होतं.

मग माझा माईक त्यांच्याकडे गेला आणि तो मला परत मिळाला नाही. त्यांनी सांगितलं ते असं. वडिलांची अट त्यांनाही त्याच सकाळी कळली. चपलेचा अंगठा शिवून आणतो म्हणून ते खोलीतून निघाले ते थेट गौरीहरापाशी आले आणि तुला विचारलं, तुम्ही खरंच नोकरी सोडणार? तू म्हणालीस, “माझी दुपारची ड्यूटी आहे, आणि मी रजा मागे घेते आहे.” तेव्हा ते म्हणाले, मागच्या फाटकापाशी माझी स्कूटर आहे. वाटेत चौकातल्या पोलिसानं मुंडावळ्या बांधलेली जोडी बघून सगळ्या गाड्या थांबवल्या आणि तुम्हाला हात जोडून पुढे सोडलं. तू आत गेलेली दिसेपर्यंत ते एक्स्चेंजच्या दाराशी थांबले, मग छत्रात परत येऊन सगळ्यांबरोबर तुला शोधायला लागले.

मग स्वानंदीनंच विचारलं, “पण आजोबा, एवढं केलंत, तर वडिलांना नाही का म्हणाला नाहीत?”

“तेवढं धैर्य नव्हतं,” ते म्हणाले. “फाटकापासून एक्स्चेंजपर्यंत पुरेल एवढंच होतं. तेवढं वापरलं.”

स्मृती, “अप्पा, आईला हे माहीत होतं?” म्हणाली. तर म्हणे तिला बघायला गेले तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी हेच सांगितलं आणि ते ऐकूनच तिनं होकार दिला.

माझ्या पुस्तकाविषयी नंतर कोणी काही विचारलं नाही, हे ओघानं आलंच.

घरी येताना मी बसमध्ये तुझाच विचार करत होतो. काका जाईपर्यंत तुझ्याशी सरळ बोलले नाहीत. आमच्यातल्या बायका तुला हळदीकुंकवाला बोलवायच्या आणि कोपऱ्यात बसवायच्या. तू एकदा जरी म्हणाली असतीस की नवऱ्या मुलानंच मला पोचवलं, तर अर्धा दोष त्याच्यावर गेला असता. तू म्हणाली नाहीस. का, हे मला काल ते गृहस्थ बोलायला उभे राहिले तेव्हा कळलं. अक्का, एवढ्या वर्षांनंतरही वडिलांचं नाव घेताना त्यांनी एकदा दाराकडे बघितलं.

स्मिता नमस्कार सांगते. प्रकृतीला जप.

तुझा,
बिंदुमाधव

ता.क. मंडळाच्या फलकावर माझ्या कादंबरीची घोषणा आजच लागली आहे. स्मिता म्हणते, आधी अक्काला विचारायला हवं होतं. तेव्हा हे पत्र म्हणजे तुला विचारलं आहे असं समजावं. दोन ओळींचा होकार उलट टपाली पाठवावा.

ता.क. २. रघुपतीरावांनी तुझा नंबर मागितला. मी दिला. तू फोन उचलत नाहीस हेही सांगितलं.

ता.क. ३. पाकीट बंद करतो आहे तोच तुझा फोन आला. तू स्वतःहून फोन केलास तेव्हाच मी उठून उभा राहिलो होतो. रघुपतीरावांशी तू तासभर बोललीस हे ऐकून आनंद झाला. तू स्वतःच सगळं आयुष्य लिहून काढलं आहेस आणि ते पुस्तक छापखान्यात गेलं आहे, हे ऐकून जो झाला त्याला अजून नाव सापडलेलं नाही. तेव्हा वरच्या होकाराची गरज उरली नाही. पण त्यात माझ्यावर एक अख्खं प्रकरण आहे एवढंच सांगून तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून मी फोन करतो आहे. अक्का, प्रकरण कोणत्या सालचं आहे तेवढं कळव. आणि छपाई थांबवता येत नसेल तर निदान नाव बदल. बिंदुमाधव बेंगळुरात दुसरा कोणी नाही, ‘भीमाचार्य’ कर. स्मिताला मी अजून काही बोललेलो नाही.