नानांची गुराब

अंधेरी,
ता. ८ नोव्हेंबर १९५७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला तुम्ही दोघं आला नाहीत, त्यामुळे चकल्या नानांनी आणि मीच संपवल्या. पुढच्या वर्षी रजा मिळाली नाही ही सबब ऐकून घेणार नाही, असं वहिनींना माझ्या वतीने बजावून सांग.

नानांची गुराब आता ओळखू येण्यासारखी झाली आहे. गोदीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आंग्र्यांच्या आरमारातल्या या लढाऊ जहाजाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा तू हसला होतास. आता येऊन बघ. दोन्ही कुशींच्या फळ्या बसल्या, वरच्या डेकची तक्तपोशी झाली, तीन डोलकाठ्या उभ्या राहिल्या. पितळेच्या चिमुकल्या तोफा तर इतक्या झकास की शेजारचे गुणाजीकाका रोज संध्याकाळी चहाला येतात ते खरं त्या पुसायला. बाहेरच्या खोलीत हल्ली गुराबच राहते, आपण तिचे भाडेकरू. परवा आमच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या, त्यांना पलंगावर पाय वर घेऊन बसावं लागलं, कारण नाळेचं, म्हणजे जहाजाच्या नाकाडाचं, लांबलचक टोक थेट त्यांच्या गुडघ्याशी येत होतं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. काल नानांनी डाव्या कुशीच्या काही फळ्या उपटून काढल्या. वाकड्या आहेत म्हणाले, आणि मला विचारलं की या कुणी बसवल्या? मी म्हटलं, नाना, तुम्हीच, दसऱ्याला. त्यावर ते हसले, म्हणाले, मग मीच गाढव. आज त्यांनी त्याच फळ्या परत बसवल्या. दुपारी पुन्हा काढल्या आणि पुन्हा तेच विचारलं. या वेळी हसले नाहीत.

उगाच काळजी करू नकोस. पण पत्र लवकर टाक.

तुझी,
क्षमा

—

भिलाई,
ता. १९ नोव्हेंबर १९५७

चि. क्षमास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून तुझी वहिनी काळजीत पडली, मी नाही. अगं, नाना आणि वाकडी रेघ यांचं कधी जमलं आहे का? शाळेत असताना मी काढलेला कोकणपट्टीचा नकाशा त्यांनी इतक्या वेळा पुसायला लावला की शेवटी रत्नागिरीच्या जागी भोक पडलं. ज्या माणसाने जन्मभर गोदीत जहाजांचे नकाशे काढले त्याला एका केसाचाही फरक खुपणारच. चष्म्याचा नंबर वाढला असेल, डोळे तपासून घे. विसरणं म्हणशील तर या वयात सगळेच विसरतात. मी आत्ताच विसरतो, असं तुझ्या वहिनीचं शेजारी बसून सांगणं चाललं आहे.

इथे कारखान्याच्या उभारणीची धांदल आहे, रजेचं नाव काढायची सोय नाही. नानांना साष्टांग नमस्कार सांग.

तुझा,
दादा

—

अंधेरी,
ता. १६ डिसेंबर १९५७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डोळे तपासले. नंबर तोच आहे. मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नानांना आजचा वार विचारला, नानांनी तो सांगितला नाही, उलट डॉक्टरांच्याच भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलंय हे सांगितलं. डॉक्टर हसले, पण मला बाजूला घेऊन म्हणाले की मेंदू थकत चालला आहे, यावर औषध नाही, सांभाळून घ्या. सांभाळून घ्या म्हणजे काय करा, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

तक्तपोशी निघाली आहे. मधली डोलकाठीही. सकाळी नाना सगळं नीट बघतात, खुशीत असतात, मग एखादी फळी त्यांना सलायला लागते, आणि एकदा पकड हातात घेतली की थांबत नाहीत. मी शाळेतून येते तेव्हा जमिनीवर खिळे पसरलेले असतात आणि नाना मला विचारतात की हे कुणी केलं?

आणि गेल्या रविवारी कळस झाला. गुणाजीकाका नेहमीसारखे आले, त्यांनी तोफ पुसायला उचलली आणि नाना एकदम उठून ओरडले की मी नसताना हाच माणूस येऊन माझं जहाज मोडतो. चोर म्हणाले रे, दादा. इतक्या वर्षांच्या मित्राला चोर म्हणाले. काकांनी तोफ जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि गेले. मी मागे धावले, तर म्हणाले, तू घरात जा पोरी, ते एकटे आहेत.

मला काही सुचत नाही. तू मोठा आहेस, तू सांग.

तुझी,
क्षमा

—

भिलाई,
ता. २६ डिसेंबर १९५७

चि. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. मला वाटतं, सगळा त्रास त्या जहाजापायी आहे. डोळ्यांसमोर आहे म्हणून ते उकलतात. समोरूनच काढ. गुणाजीकाकांच्या पाया पडून माझ्या वतीने माफी माग आणि त्यांच्याकडे जागा असेल तर तिथे हलव. नानांना सांग की प्रदर्शनाला नेलं आहे. चार दिवस शोधतील, मग विसरतील. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण कुणीतरी कठोर व्हायला हवं. तू हळवी आहेस, ढिली पडू नकोस.

फेब्रुवारीअखेर रजा मिळेल असं दिसतं. तोवर नेट धर.

तुझा,
दादा

—

अंधेरी,
ता. २० जानेवारी १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. नाना आंघोळीला गेले असताना काकांनी आणि त्यांच्या भावाने गुराब उचलून नेली. नाना बाहेर आले, मोकळ्या जागेकडे बघितलं, मी प्रदर्शनाचं सांगितलं. बरं, म्हणाले. दोन दिवस अगदी शांत होते. मला वाटलं, दादाचं बरोबर होतं.

शुक्रवारी मी शाळेत असताना ते मागच्या दाराने निघून गेले. शाळेच्या शिपायाने वर्गात येऊन शेजाऱ्यांचा निरोप दिला तेव्हा फळ्यावर अर्धं वाक्य तसंच टाकून मी धावले. स्टेशन पाहिलं, बाजार पाहिला, पोलीस चौकीत गेले. गुणाजीकाकांनाच सुचलं की ते जहाज शोधायला गेले असतील तर समुद्राकडे जातील. काका सायकल घेऊन वर्सोव्याला गेले, मी मागून बसने गेले, आणि तिथे नाना सापडले. दुरुस्तीला ओढून ठेवलेल्या होड्यांमधून अनवाणी फिरत होते, प्रत्येकीच्या कुशीवर हात फिरवत. शेवंती नावाच्या एका कोळणीने त्यांना सावलीत बसवून चहा पाजला होता. ती मला म्हणाली की आजोबा सकाळपासून आमच्या होड्या बघतायत, एकही पसंत पडत नाही.

परतताना बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि अदबीने विचारलं, बाई, आपण कुठे उतरणार? मी म्हटलं, अंधेरीला. म्हणाले, बरं झालं, माझी मुलगी तिथेच शाळेत शिकवते, एकदा भेटा तिला, फार गुणी आहे.

दादा, मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गुराब परत आणून ठेवली आहे. तुझं ऐकलं म्हणून तुला बोल लावत नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच सांगितलं असतं. आता ते फळ्या काढतात, मी बघत बसते. निदान घरात असतात. पण दुपारभर कुणीतरी जवळ हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे मीच. शाळेत राजीनामा द्यायचं मनात आहे.

येशील ना?

तुझी,
क्षमा

—

भिलाई,
ता. ११ मार्च १९५८

चि. क्षमास,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. वहिनीने तू दिलेलं मेतकूट आल्या आल्या ताब्यात घेतलं.

तुला जे तोंडाने सांगता आलं नाही ते लिहितो. मी दारात आलो तेव्हा नानांनी नंदू म्हणून हाक मारली, गाडीला उशीर झाला का विचारलं, दोन दिवस कारखान्याबद्दल सगळं नीट ऐकलं. खरं सांगतो, मला वाटलं तू वाढवून लिहितेस. तिसऱ्या दिवशी तू बाजारात गेलीस. मी त्यांना समजवायला बसलो की नाना, हे काढू नका, तुमच्याच हातचं काम आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पकड माझ्या हातात दिली. म्हणाले, नंदू, हे माझं नव्हे, कुणा नवशिक्याचं आहे. माझी गुराब याच्याखाली आहे. तू त्या बाजूने धर.

मी धरलं. थांबवायला आलेला मी, तू परत येईपर्यंत त्यांच्यासोबत फळ्या काढत होतो. ते इतके आनंदात होते की मला नाही म्हणवेना. तू आलीस, जमिनीवरच्या फळ्या पाहिल्यास, माझ्या हातातली पकड पाहिलीस आणि आत चहा टाकायला गेलीस. तू रागावली असतीस तर बरं झालं असतं.

राजीनाम्याचं तू बोललीस तेव्हा मी विरोध केला नाही, कारण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. तुम्ही दोघं इथे या म्हणालो, पण अंधेरीतलं घरही जिथे त्यांना मधूनच परकं वाटतं तिथे भिलाईचं काय, हे मलाही कळत होतं. मन हलकं करायला लिहीत जा. मी वाचेन, एवढंच मला करता येतं.

तुझा,
दादा

—

अंधेरी,
ता. ६ मे १९५८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

शाळेतल्या मुलींनी निरोप दिला, सुटीनंतर मी परत येणार नाही. रडायचं नाही असं ठरवून गेले होते, मुख्याध्यापिकाबाईच रडल्या.

गुणाजीकाका पुन्हा येतात. नानांना भांडण आठवत नाही. गेल्या आठवड्यात त्यांना दारात बघून म्हणाले, अरे, होतास कुठे इतके दिवस? काका म्हणाले, गावी गेलो होतो. दोघं चहा प्याले. पुसायला तोफा मात्र नाहीत. त्या मी कपाटात ठेवल्या आहेत.

गुराब संपली, दादा. आधी कुशी गेल्या, मग फासळ्या एकेक करून निघाल्या, शेवटी तळाचं लांब लाकूड तेवढं उरलं. ज्या दिवशी शेवटची फासळी निघाली त्या दिवशी मी दारातच उभी होते. मला वाटलं, आता खाली काही नाही हे पाहून त्यांचं काय होईल? काहीच झालं नाही. त्यांनी पकड खाली ठेवली, हात धुतले आणि जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी पकड मागितली नाही. त्यानंतरही नाही. दिवसभर खुर्चीत बसतात, हात मांडीवर.

इतके महिने मी रोज मनात म्हणत होते की हे थांबू दे. आता ते थांबलंय आणि मला घर खायला उठतं. आज सकाळी राहवलं नाही. कुशीची एक फळी, त्यांनीच वाफेवर वाकवून इतकं सुंदर वळण दिलेली, आणून त्यांच्या हातात दिली. म्हटलं, नाना, बघा बरं, वाकडी आहे का? त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. मग माझ्याकडे बघून विचारलं, बंबात घालायची का?

मी नको म्हटलं. मग कुठे ठेवू, म्हणाले. ती दोन्ही हातांत धरून ते वाट बघत राहिले, शहाण्या मुलासारखे, आणि मी समोर नुसती उभी.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
क्षमा